दसऱ्याला घासलेली खिडकी

सकाळी साडेआठला मालेगावच्या फाट्यावर जगदेव पाटलांची जुनी जीप जानरावच्या बैलगाडीवर आदळली. जानराव जबर जखमी झाला.

जीपच्या कापडी पडद्याला सेल्युलॉइडची पारदर्शक खिडकी होती. ती पिवळी पडली की ड्रायव्हर दौलतसिंग दंतमंजन लावून मऊ फडक्याने हलकेच उजळत असे. काल दसऱ्याच्या पूजेआधी ते काम पाटलीणबाई रुख्मिणीने राखेने उरकले. पिवळेपणा गेला, ओरखडे राहिले.

“बाई, राखेनं काहून घासली? उन्हात निरी पांढरी झाली. गाडी दिसलीच नाही मले.”

“घरात सारे राखेनंच दात घासतेत, दौलत. मले वाटलं, चालते.”

जानरावची बायको चतुराबाई वाशिमच्या दवाखान्यात बसून आहे. संध्याकाळपर्यंत त्याने डोळे उघडले नव्हते.