लाकूड एका सरीला भुलत नाही

खोटं वाटेल, पण त्या सुताराला सगळे थांबामिस्त्रीच म्हणत. ओलीनं कुणाचं दार फुगून चौकटीत अडकलं, की तो दारावर बोटं वाजवून बघे आणि सांगे, "थांबा. हवा आहे, जाईल." ओल्या हवेत रंधा मारला की ऊन पडल्यावर दार आक्रसतं आणि फटीतून मांजरं ये-जा करतात, हा त्याचा धडा. "लाकूड एका सरीला भुलत नाही," म्हणत तो पिशवी उचले. आणि दार चार दिवसांत आपसूक सुटे.

त्या साली त्याच्या थोरल्या बहिणीचं दार चौकटीत धरलं. खालच्या गल्लीत बाई एकटी, गुडघे गेलेले.

"अरे दगडोबा, ढकलून ढकलून खांदा निखळला माझा. रंधा मार की!"

"ताई, थांब जरा. हवा आहे."

"हवा तुझ्या डोक्यात आहे!"

मग पाऊस ओसरला, कोरडं वारं सुटलं. एका सकाळी तर ओठ फुटले. मिस्त्री छाती काढून गल्लीत आला. "ताई, आतून दार गच्च लावून घे. आता बघ, लोण्यासारखं उघडेल."

तिनं लावलं. ते पुन्हा उघडलंच नाही.

"उद्या सुटेल," तो म्हणाला. उद्या ऊन पडलं, परवा गारठा, मग पुन्हा ऊन. हवा रोज नवी, दार रोज तेच. हळूहळू गल्लीतली बाकीची दारंही रुतली. लोक खिडकीतून उड्या टाकून कामाला जाऊ लागले. माणसाला काय, कशाचीही सवय होते. ताईच्या खिडकीला मात्र गज होते, तेही भावानंच बसवलेले. तो गजांतून जेवण सरकवायचा आणि आभाळाकडे बघायचा.

एके दुपारी आतून आवाज आला. "अरे, दाराला काहीतरी आलंय. मऊ आहे."

"बुरशी असेल."

"बुरशीला शिरा असतात का रे?"

त्यानं फळीला कान लावला. त्यांच्या आजोबांनी कापलेलं लाकूड ते, मरून जमाना झालेलं. फळीच्या आत कुणीतरी सावकाश घोट घेत होतं.

मिस्त्रीनं झटकन कान काढला. लाकूड एका सरीला भुललं नव्हतंच. एका उन्हालाही भुलणार नव्हतं. त्या लाकडानं सगळी वर्षं मुरवून घेतली होती, आणि आपण रोज उठून फक्त आजचं आभाळ पाहत बसलो!

त्यानं करवत घातली. पात्यावरून चिकट, कोमट चीक मनगटावर ओघळला. चौकटीनं भिंतीत मुळं सोडली होती. ती तोडताना विटा कण्हल्या. भोकातून त्यानं ताईला पाठुंगळी घेतलं. तिच्या केसांत कोवळी पानं अडकली होती.

"एवढ्यासाठी थांबलास होय?" ती कानाशी म्हणाली.

घरी आणून त्यानं तिला बाकावर बसवलं. मागे त्याचं स्वतःचं दार, त्यानंच घडवलेलं, कुणी हात न लावता हळूच मिटलं. गच्च. त्यानं रंध्याला हात घातला. रंधा बाकाला चिकटलेला, आणि त्याच्या लाकडी मुठीवर कोंबाचं ओलसर, हिरवं एक टोक.

"आता म्हण की थांबा," ताई म्हणाली.

बाहेर कडकडीत ऊन पडलं होतं.