चालू गाडी

"काका, तुमची गाडी हॉर्न वाजवण्याशिवाय अजून काही करते का?"

विचारून झालं आणि हेमांगीनं हसू दाबत जिन्याकडे पाहिलं. जिन्याच्या आड तिच्या मैत्रिणी दीप्ती आणि भाविका तोंडावर हात दाबून खिदळत होत्या. पैज त्यांचीच. अंधेरीच्या त्या सोसायटीत अनंतकाकांना असलं काही विचारायची आजवर कुणाची टाप नव्हती.

काकांनी जुन्या फियाटच्या बॉनेटमधून डोकं वर काढलं. "सुरू होते. अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय उचलला की मरते. कार्ब्युरेटरमधलं पेट्रोलचं जेट चोंदलंय. आणि उद्या तुझे पप्पा तिला भंगारात काढणार आहेत. अजून काही?"

हेमांगीचं हसू जागच्या जागी विरलं. पप्पा सोसायटीचे सेक्रेटरी. नोटीस त्यांनीच लावली होती: रविवारी कमिटीसमोर जी गाडी गेटपर्यंत जाऊन परत येणार नाही, तिची पार्किंगची जागा गेली. त्या जागेवर पप्पांची नवी गाडी येणार होती. तिचा रंगसुद्धा हेमांगीनंच निवडला होता.

"मग काढा ना ते जेट!"

"बघ." काकांनी स्क्रूड्रायव्हर लावला. त्याचं टोक जेटभोवती नुसतं नाचत राहिलं. दोन्ही हात थरथरत होते. याच हातांनी काकांनी मरोळच्या कारखान्यात इंजेक्शनच्या सुया उजेडासमोर धरून त्यांची भोकं तपासण्यात सगळी नोकरी घालवली होती.

"सरका," हेमांगी म्हणाली. "सांगा फक्त."

जेट निघालं. पितळेचं, करंगळीच्या नखाएवढं. तिनं झटकन केसांतली पिन उपसली.

"पिन नको!" काका खेकसले. "भोक रुंदावलं की पेट्रोल पीत सुटेल. फुंक."

तिनं फुंकलं. "ईऽऽ! पेट्रोल!"

"लिप बाम तरी पुसायचास गं आधी!" जिन्याआडून दीप्ती ओरडली.

"तू ये ना इकडे, तुलाच लावते!"

घाण काही हलेना. मग काकांनी जुन्या टूथब्रशचा एक केस उपटायला सांगितला. तो हळूच आत सरकवून हेमांगीनं पुन्हा फुंकलं आणि जेट डोळ्याशी धरलं.

"काका, आभाळ दिसलं! टाचणीच्या टोकाएवढं, पण दिसलं!"

"आता परत बसव. आधी बोटांनी फिरव. आटे घासू नकोस."

जेट बसलं आणि काकांनी आत बसून गाडी सुरू केली. पाय उचलला तरी मरेना. काका डोळे मिटून ऐकत बसले. मग त्यांनी स्टिअरिंगशेजारच्या गिअरच्या दांड्यावर हात ठेवला आणि दांडा खडखडायला लागला. कितीदा ओढला तरी गिअर पडेना.

"वाट लागली," काका पुटपुटले. इतके महिने बंद होती गाडी. हाताला आता गिअरही टाकता येत नाही, हे त्यांना आजच कळत होतं.

हेमांगी धाडकन शेजारी जाऊन बसली. "तुम्ही क्लच दाबून सांगा. दांडा मी ओढते."

"लबाडी आहे ही."

"असू दे ना! पाय तुमचे, गाडी तुमची. मी नुसती बसलेय."

रविवारी कमिटी खुर्च्या टाकून बसली होती. काका ओठातल्या ओठात "आता" म्हणायचे आणि हेमांगी गालातल्या गालात हसत दांडा ओढायची. फियाट गेटपर्यंत गेली, रिव्हर्समध्ये परत आली. टाळ्या पडल्या. पप्पांनाही वाजवाव्या लागल्या.

संध्याकाळी बेल वाजली. दारात अनंतकाका, इस्त्रीच्या शर्टात. आत येऊन त्यांनी गाडीची किल्ली टीपॉयवर ठेवली.

"गिअर हेमांगीनं टाकले सकाळी. माझ्याच्यानं आता होत नाही. खोटं बोलून जागा अडवणं काही बरं नाही वाटलं." त्यांनी हात खिशात घातले. "फक्त भंगारवाल्याला सांगा, चालू गाडी आहे म्हणून."

"बसा ना काका, चहा टाकते," आई म्हणाली. पण ते थांबले नाहीत.

पप्पा किल्लीकडे बघत राहिले. ती उचलायला त्यांचा हात पुढे होईना.

हेमांगीनं ती उचलली.

"आई, पप्पा, माझं ठरलंय. दर रविवारी काकांना शेजारी बसवून ती गाडी मी सुरू करणार. अठराची झाले की लायसन्स काढून गेटबाहेर नेणार. तोपर्यंत आपली नवी गाडी रस्त्यावर उभी राहील. कमिटीला तुम्ही सांगताय, की मी सांगू?"