माणिकरावांची शरणागती

साखऱ्याचे माणिकराव देशमुख निजामाच्या घोडदळात रिसालदार होते. लढाई मात्र त्यांच्या वाट्याला कधी आली नाही. उमेदीची सारी वर्षं परेडीत आणि साहेबांच्या शिकारीत गेली. त्या सेवेवर खूश होऊन सरकारने पुढे त्यांना हैदराबादच्या कायदेमंडळात नेमलं. तिथे त्यांनी एकाही ठरावाला विरोध केला नाही.

अठ्ठेचाळीसच्या सप्टेंबरात वाशीमकडून हिंदुस्थानची फौज निघाल्याची खबर आली. रझाकार पसार झाले. भावकीने माणिकरावांनाही निघायला सांगितलं. पण खाल्ल्या मिठाला जागायचं, लढता येत नसेल तर शिपायासारखं शरण जायचं, हे माणिकरावांनी पक्कं केलं. आयुष्यात एक तरी लष्करी काम रीतसर व्हावं, अशी त्यांची इच्छा होती.

"तुमाला बोलावलंय कोनी?" त्यांच्या पत्नी सत्यभामाबाईंनी विचारलं. तरी पोटावर येईना झालेल्या रिसालदारीच्या कोटाच्या गुंड्या त्यांनीच लावून दिल्या.

घोड्यावर बसून माणिकराव हिंगोलीच्या सडकेला लागले. पहिली जीप दिसताच ते खाली उतरले आणि दोन्ही हातांवर तलवार धरून उभे राहिले. आतल्या तरुण अफसराने तलवार निरखली, छान आहे म्हणाला आणि परत दिली. घोडा तेवढा बाजूला घ्या, मागे गाड्या आहेत, असं त्याने हिंदीत विनवलं.

तेवढ्यात हलगीचा आवाज आला. देशमुख फौजेच्या स्वागताला निघाले, असं समजून अख्खं गाव मागोमाग आलं होतं. वाड्यावरच्या गड्याने, ग्यानबाने, एक हार अफसराला घातला, दुसरा माणिकरावांना.

"ग्यानबा, मी शरण आलोय," माणिकराव हळूच म्हणाले.

"आमी समदेच आलोत, मालक," ग्यानबा म्हणाला आणि त्याने जयजयकार केला.

पुढच्या महिन्यात फौजेच्या स्वागताबद्दल हिंगोलीत त्यांचा सत्कार झाला. माणिकरावांनी उभं राहून खरं ते सांगितलं: आपण निजामाचे चाकर होतो, स्वागत केलं नाही, हरलो. लोकांना हा विनय फार भावला. टाळ्या थांबेनात. त्याच सभेत त्यांना शांतता समितीचं अध्यक्ष केलं.

घरी आल्यावर सत्यभामाबाई म्हणाल्या, नाही म्हणून कळवा. उद्या कळवतो, असं ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी समितीची मोटार दारात आली. माणिकराव पांढरी टोपी घालून आरशासमोर उभे होते. टोपी तिरपी तर नाही ना, असं त्यांनी बायकोला विचारलं.

तिरपी होती. सत्यभामाबाईंनी ती सरळ केली.