सात सुतांचा वस्तरा

सासऱ्यांच्या दाढीची ही गोष्ट जावई आता स्वतःच चारचौघांत सांगतो आणि सांगताना स्वतःला कुठेही वाचवत नाही. वाचवण्यासारखं काही उरलेलंही नाही म्हणा. वजनमापे खात्यात बावीस वर्षं काढलेला माणूस घरातच मापाला चुकला, तर त्यानं तोंड लपवायचं तरी कुठे?

सासरे, म्हणजे सगळ्यांचे अण्णा, हाडाचे सुतार. जन्मभर रोज सकाळी स्वतःच्या हातानं वस्तऱ्यानं दाढी केली. गेल्या वर्षापासून तो हात थरथरायला लागला. आधी हनुवटी कापली, मग कानाखाली लागलं आणि शेवटी वस्तराच मोरीत पडून धारेचा टवका उडाला. लेकीनं विजेवरचं मशीन आणून दिलं. अण्णांनी ते गालाला एकदाच लावलं आणि "हे गवतासाठी ठेव" म्हणून परत केलं. सलूनचं नाव काढलं तर म्हणाले, परक्याच्या हाती मान देणार नाही. दाढी वाढत गेली आणि अण्णांनी बाहेर पडणं सोडलं. त्यांचा कारखाना आता त्यांचा शिष्य चालवतो. तिथे रोज दोन तास बसून सगळ्यांच्या चुका काढणं हाच त्यांचा विरंगुळा होता, तोही बंद झाला. "असल्या तोंडानं मी लाकडासमोर उभा राहणार नाही," एवढंच बोलले. पाच आठवडे झाले. ते दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून राहायला लागले, तेव्हा लेक, म्हणजे जावयाची बायको, त्याला म्हणाली, "तूच कर आता त्यांची दाढी. तू काही परका नाहीस."

परका नाही! एकोणीस वर्षांत अण्णांनी त्याच्या हाती साधी पटाशी दिली नव्हती. लग्नानंतर पहिल्याच महिन्यात जावयानं एका कपाटाच्या बिजागऱ्या उलट्या बसवल्या होत्या आणि वर, दार असंच उघडायला हवं, असं अर्धा तास पटवून दिलं होतं. अण्णांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि घरातली सगळी हत्यारं पेटीत घालून पेटीला कुलूप लावलं. त्या माणसाच्या गळ्याला आता त्यानं धार लावायची होती.

नवा वस्तरा आणायला तो दुकानात गेला. दुकानदारानं विचारलं, "किती सूत?"

"म्हणजे?"

"पात्याची रुंदी हो. इंचाला आठ सूत. चार सुतांपासून आठपर्यंत आहेत. हात नवीन असेल तर डोळे मिटून पाच न्या."

दुसरा कोणीही पाच घेऊन घरी आला असता. पण समोर आकडे आले की जावयाच्या अंगात येतं. "बघून सांगतो," म्हणत तो रिकाम्या हातानं परतला आणि आठ दिवस वाचत बसला. अरुंद पातं खाचाखोचांत फिरतं, पण लगेच फेसानं भरतं. रुंद पातं जड, म्हणून हातात डगमगत नाही, फेसही पुष्कळ पेलतं, पण नाकाखाली अडतं. त्यानं तक्ता केला. तक्त्यात रंग भरले. बायको म्हणाली, "दाढी करायचीय की धरण बांधायचंय?"

मग तो खात्यातली मापपट्टी घेऊन अण्णांच्या खोलीत गेला. अण्णा जेवून नुकतेच टेकले होते. त्यानं गाल मोजला, हनुवटी मोजली, नाक ते ओठ मोजलं. अण्णा छताकडे बघत म्हणाले, "माझ्या तोंडाला दारं बसवताय का?"

नाक ते ओठ बरोबर सात सूत भरलं. जावयाला आनंदानं काही सुचेना. जागा सात सूत, पातंही सात सूत! खोलीला जाजम बसावं तसं बसणार! हा हिशेब जगात याआधी कोणीच कसा केला नाही, याचंच त्याला नवल वाटलं. का केला नाही, हे विचारायचं मात्र सुचलं नाही.

"सात?" दुकानदार म्हणाला. "हात जुना आहे ना?"

"चांगला ऐंशी वर्षांचा आहे," जावई म्हणाला. खोटं काहीच नव्हतं. वस्तरा त्या हातात नसणार, एवढंच त्यानं सांगितलं नाही.

फुग्यांना फेस लावून त्यानं सराव केला. नऊ फुगे फुटले, दहावा टिकला. दहाव्यावर भरवसा ठेवून रविवारी सकाळी त्यानं अण्णांना खिडकीजवळच्या खुर्चीत बसवलं, गळ्याभोवती टॉवेल गुंडाळला, गरम पाण्यात ब्रश बुडवला.

"थांबा," अण्णा म्हणाले. तोंडात दोन बोटं घालून त्यांनी कवळी काढली आणि पेल्यात ठेवली. "दाढीला मी ही ठेवत नाही. फेस अडकतो."

आणि जावयाच्या डोळ्यांदेखत अख्खा चेहरा बदलला. गालांचे खड्डे झाले, वरचा ओठ आत गेला, हनुवटी नाकाला भेटायला वर आली. सात सुतांची जागा चार सुतांवर आली. ज्या तोंडाची त्यानं इतकी मापं घेतली होती, ते तोंड पेल्यात पडलं होतं.

आता माघार कशी घ्यायची? त्यानं फेस लावला आणि कानापासून सुरुवात केली. कल्ल्यांवर ठीक चाललं. मानेवर श्वास रोखून तो खाली उतरला. अण्णांचा कंठ पात्याखाली एकदा हलला, तेव्हा जावयालाच घाम फुटला. गालाशी आल्यावर मात्र ते रुंद पातं खड्ड्याच्या दोन काठांवर टेकून राहिलं, आत जाईना. नाकाखाली तर पात्याची पाठ नाकपुडीलाच लागली. त्यानं वस्तरा बाजूला ठेवला.

"अण्णा, मी काय म्हणतो, मिशी ठेवली तर? तुम्ही भारदस्त दिसाल. आणि गालांवर थोडी..."

अण्णांनी डोळे उघडले. "सात सूत आणलंय."

"तुम्हाला कसं कळलं?"

"कानाशी टेकलं तेव्हाच कळलं. साठ वर्षं धारेत गेली माझी."

"मग तेव्हाच का नाही बोललात?"

"गळ्याला धार लावून उभ्या असलेल्या माणसाची चूक काढायची नसते, जावईबापू."

जावयाला आधी हसू आलं, मग उमगलं. चुकीचं हत्यार आहे, धरणारा हात कच्चा आहे, हे सगळं माहीत असून म्हातारा मान वर करून बसून राहिला होता. "चुकलं माझं," जावई म्हणाला. "दुकानदार पाच म्हणत होता. मी तुमची कवळीच मोजली."

अण्णा बोळक्या तोंडानं इतके हसले की फेस टॉवेलवर उडाला. मग त्यांनी आ केला. "बोट घाला. आतून गाल बाहेर ढकला आणि वरून हलक्या हातानं चालवा. माझं बोट थरथरतं, नाहीतर मीच धरला असता."

जावयानं हात धुतले आणि सासऱ्यांच्या तोंडात बोट घातलं. आतली बाजू उबदार आणि मऊ होती. गाल फुगून वर आला, पातं त्यावरून खर्र करत गेलं. एक गाल झाला. मग दुसरा. फुग्याचा विचारही त्याच्या मनात आला नाही.

"मिशी राहू दे," अण्णा पुटपुटले. "उद्या कारखान्यात सांगेन, हौसेनं ठेवलीय."

त्यानं ओल्या कापडानं चेहरा पुसला, मानेवर राहिलेले चार केस काढायला पुन्हा वस्तरा उचलला आणि डाव्या हातानं डोकं मागून धरलं. तळव्यावर अचानक भार आला. अण्णा गाढ झोपले होते, तोंड थोडं उघडं, गळा पूर्ण मोकळा.

"झालं का रे?" बायकोनं स्वयंपाकघरातून विचारलं.

जावयानं वस्तरा मिटून हळूच खिडकीत ठेवला. "ओरडू नकोस," तो दबक्या आवाजात म्हणाला आणि हाताला मुंग्या आल्या तरी ते डोकं तसंच धरून उभा राहिला.