तिगावच्या अंड्यांची पेटी

मी अंडी उबवायची पेटी बोलतेय. गोड बोलेन अशी आशा ठेवून बसू नका. ज्या घरात मी बनले तिथं दोनच माणसं राहत होती, बाप आणि लेक, आणि ती एकमेकांशी धड बोलत नव्हती. आमच्या पांढुर्ण्यात गोटमार, नदीच्या दोन काठांवरून दगडफेक, वर्षातून एकदा होते. त्या घरात ती रोज होई. दगडांच्या जागी कधी शब्द असत, कधी तेही नसत. आपटलेलं ताट असे, नाहीतर तोंडावर लावलेलं दार.

बापाचं नाव भाऊराव. नगरपालिकेच्या पाणीटाकीवर जन्मभर वायरमन होता, आता रिटायर. मोहल्ल्यात सगळे त्याला अहोजाहो करतात. मी करणार नाही. माझ्या पोटात काय झालं ते ऐकलंत तर तुम्हीही करणार नाही.

लेक प्रज्ञा. एका खाजगी शाळेत लहान मुलांना शिकवते. थोरला भाऊ कुणाल पुण्याला, फोनवर असतो तेवढाच. आणि प्रज्ञाची आई, अलकाबाई, मी जन्मायच्या दोन वर्षं आधी वारली होती.

अलकाबाईच्या कोंबड्या साऱ्या मोहल्ल्याला माहीत होत्या. उघड्या मानेच्या, काळ्या पायांच्या, माहेराहून आणलेल्या. ती गेली तेव्हा तेरा होत्या. आठ दिवसांनी प्रज्ञा एका कामासाठी सौंसरला गेली, संध्याकाळी परत आली, तर खुराड्याचं दार उघडं आणि आत दोन पिसं.

"कोंबड्या कुठी हायेत?" तिनं विचारलं.

"देल्या," बाप म्हणाला.

ढाबेवाल्याला दिल्या होत्या. सगळ्या, एका पोत्यात. प्रज्ञानं त्यावर एक शब्द काढला नाही, आणि तिथूनच त्या घरातलं बोलणं संपलं. हे मला कसं ठाऊक? पेटी बनवताना प्रज्ञा पुटपुटत असे. मी अर्धीमुर्धी होते, पण ऐकू येत होतं.

डिसेंबरात बाजारात तिला लीलाबाई भेटली. तिगावची, अलकाबाईची जुनी मैत्रीण. पोरीचा हात धरून म्हणाली, "तुह्या मायनं मले एक जोडी देली होती, आठवते का? तिची औलाद अजून माह्या अंगणात फिरून राहिली. अंडे घेऊन जाय, बाई."

"बसवू कशाखाली, मावशी? घरी एक कोंबडी नाही."

"माह्यीबी एकही खुडूक होऊन बसली नाही या थंडीत. काहीतरी कर."

प्रज्ञानं मला केलं.

माझं अंग थर्माकोलचं. औषधांच्या दुकानात इंजेक्शनं बर्फात घालून येतात, त्यातला एक रिकामा डबा तिनं मागून आणला. उबेसाठी दोन जुने पिवळे बल्ब. ते आता सहज मिळत नाहीत, तिनं चार दुकानं पालथी घातली. ऊब सगळीकडे फिरावी म्हणून बंद पडलेल्या कॉम्प्युटरमधला पंखा. ताप वाढला की बल्ब विझवणारा आणि उतरला की लावणारा छोटासा कंट्रोलर, तो मागवलेला. खाली पाण्याची वाटी, वर जाळी. आणि झाकणातल्या खिडकीला काच हवी होती, तर तिनं भिंतीवरचं कुणालच्या आयटीआयचं सर्टिफिकेट उतरवलं, काच काढून घेतली आणि कागद बापाच्या उशीवर ठेवला.

माझी वायर जोडणं तिला कोणी शिकवलं नव्हतं. कुणाल दहा वर्षांचा झाला तेव्हा भाऊरावनं त्याच्या हातात टेस्टर दिला. प्रज्ञा जवळ आली की म्हणायचा, "तू सरक तिकडं. करंट लागन." ती सरकायची आणि दाराआडून पाहायची. तेवढ्यावर ती माझ्या जोडण्या करत होती. बाप चहाचा कप घेऊन मागं येऊन उभा राहिला.

"वायर उलटी लावली. आग लागन घराले."

"लागू द्या."

वायर उलटी नव्हती. माझ्या अंगातली वायर मला कळते. त्यानं खोटं सांगितलं, तिचा भरवसा उडावा म्हणून. तो उडालाच. तो गेल्यावर तिनं सगळं उकललं आणि पुन्हा पहिल्यासारखंच बांधलं.

तीन दिवस तिनं मला रिकामीच चालवून पाहिलं. साडेसदतीस अंश. काटा हलत नव्हता. मग ती तिगावला गेली आणि पॅसेंजरनं टोपली मांडीवर धरून आली. भुशात चोवीस अंडी. प्रत्येकावर पेन्सिलनं एका बाजूला फुली, दुसऱ्या बाजूला गोल. दिवसातून तीनदा फुली खाली, गोल वर, मग उलट. कोंबडी हे चोचीनं करते. माझ्या वाट्याला प्रज्ञाची बोटं होती.

खोटं कशाला बोलू, ते दिवस मला आवडले. ती मला दोन्ही हातांनी उघडायची, श्वास रोखून. वाटीत कोमट पाणी टाकायची. त्या घरात कोमट काही असेल तर ते मीच होते.

पाचव्या दिवशी लीलाबाईचा फोन आला. प्रज्ञानं स्पीकर लावला होता, कारण हात पाण्यात होते. पलीकडून रडणंच आलं आधी.

"मर आली, पोरी. दोन दिवसांत अंगण साफ झालं. एक नाही वाचली, एकही नाही. कोंबडाबी गेला."

"आणि हे अंडे, मावशी?"

"ते तं आजाराच्या आधीचे हायेत. ते चांगले हायेत. पण आता तेवढेच, बाई. तुह्या मायचं तेवढंच राहिलं."

भाऊराव दारात चप्पल घालत होता. त्यानं ऐकलं. मी पाहिलं ना, काचेतून. चप्पल घालता घालता त्याचा पाय थांबला. त्याला माहीत नव्हतं असं कोणी म्हणू नका.

सातव्या दिवशी प्रज्ञानं खोलीत अंधार केला आणि मोबाईलच्या उजेडावर एकेक अंडं धरलं. चार कोरी निघाली. विसांत लाल धागे पसरले होते आणि मधोमध एक ठिपका हलत होता. ती हसली. माझ्या जन्मात मी तिचं हसणं तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. पलीकडच्या खोलीतून बाप ओरडला, "नाटकं बंद कर, लाईट लाव!"

नवव्या दिवशी ती शाळेत गेली. जानेवारी होता, दुपारीसुद्धा अंगावर शाल लागावी अशी थंडी. दहाच्या सुमाराला भाऊराव माझ्यासमोर येऊन बसला. मग त्यानं माझं झाकण काढलं आणि बाजूला ठेवलं. एक अंडं उचललं, हाताळलं, परत ठेवलं. मला वाटलं, विरघळला. मी मूर्ख. त्यानं बटन बंद केलं, प्लग उपसला, वायर गुंडाळून माझ्यावरच ठेवली आणि बाहेर ओट्यावर जाऊन उन्हात बसला.

झाकण उघडंच होतं. ऊब अशी जाते, जशी गर्दीतून माणसं जातात. आधी काठाची, मग मधली. मला ओरडता येत नाही. माझ्या पोटात वीस ठिपके होते आणि मी खोक्यासारखी पडून होते. खोकंच होते म्हणा. त्यानं मला पुन्हा खोकं केलं.

साडेचारला प्रज्ञा आली. दारातूनच तिला दिवा दिसला नाही. दप्तर टाकून धावली, आधी प्लग लावला, झाकण घातलं, हात माझ्या भिंतींवर दाबून धरले, जणू तिच्याच अंगाची ऊब आत जाईल. मग उठली.

"कोणं काढला?"

"म्या काढला." बाप ओट्यावरून हललाही नाही. "माह्या घरात हे चालणार नाही."

"तुम्ही ऐकलं होतं मावशीचं. तुम्हाले माहीत होतं."

"होतं."

"मंग?"

तो उठून आत आला. मी त्याला इतकं बोलताना त्याआधी ऐकलं नव्हतं.

"त्या रोज सकाळी दारात उभ्या राहत होत्या. तेराच्या तेरा. तुह्या मायची वाट पाहत. मी गेलो का मांगं सरकत. मी दाणे टाकले तं खात नव्हत्या. आठ दिवस! माह्याकडं अशा पाहत, जसं म्याच मारलं तिले. पुन्हा नाही पायजेत मले त्या अंगणात. समजलं?"

मला वाटलं, आता ती रडेल आणि दोघं एकमेकांच्या गळ्यात पडतील. माणसांच्या गोष्टींत असंच होतं म्हणतात. ती म्हणाली, "तुम्हाले दाणे टाकता आले नाही, म्हणून कापायले देल्या."

"तोंड सांभाळ."

"आईनं तीस वर्षं तुमच्यासमोर ठेवलेलं ताट तुम्ही कधी उचललं नाही, बाबा. कोंबड्याइले समजलं असन हा माणूस कोण आहे ते."

त्यानं हात उगारला. ती सरकली नाही. हात तसाच खाली गेला. मग तो बाहेर गेला आणि ते दार पुन्हा लागलं.

त्या संध्याकाळी तिनं अंडी पुन्हा उजेडावर धरली. नऊ ठिपके हलत होते. अकरा अंड्यांत लाल धाग्यांचं कडं झालं होतं, मधे काही नाही. ती अकरा तिनं एका फडक्यात बांधून परसात पुरली. ते ओझं माझ्यावर आहे. प्लग त्यानं काढला, पण जीव माझ्या पोटात गेले, आणि पोटाला विसरता येत नाही.

दुसऱ्या दिवसापासून तिनं शाळेतून रजा घेतली. मला आपल्या खोलीत नेलं, दाराला आतून कडी. स्वयंपाकही वेगळा. बाप आपला भात आपण लावू लागला, करपवू लागला. एकदा लाईट गेली तेव्हा त्यानं दाराबाहेरून सांगितलं, "बॅटरी हाय माह्याकडं. जोडून देतो."

"तुमचा हात लागला तं मी फोडून टाकीन ही पेटी," ती आतून म्हणाली. आणि गरम पाण्याच्या बाटल्या भरून माझ्या चारी कोपऱ्यांत ठेवल्या. बॅटरीनं सोपं झालं असतं. मीही नकोच म्हटलं असतं.

अठराव्या दिवशी अंडी फिरवणं बंद झालं, वाटीत पाणी वाढलं. विसाव्या दिवशी एका अंड्याला बारीक तडा गेला. आतून टकटक आली, मग चिवचिव, कवच फुटायच्या आधीच. ती काचेला नाक लावून बसली होती. एकविसाव्या दिवशी दुपारपर्यंत सात पिल्लं ओलीचिंब माझ्या जाळीवर लोळत होती. सातांपैकी पाचांच्या माना उघड्या. दोन अंडी फुटलीच नाहीत. प्रज्ञानं पिल्लं मोजली नाहीत, एकेकाची मान बोटानं चाचपली आणि म्हणाली, "आईच्याच."

पलीकडच्या खोलीत चिवचिव पोचली असावी, कारण बापानं टीव्हीचा आवाज वाढवला. इतका, की शेजारचे केशवराव येऊन विचारून गेले, "भाऊराव, कान गेले काय जी?"

पिल्लं महिन्याची झाली आणि प्रज्ञानं घर सोडलं. तिगावात लीलाबाईच्या शेजारची खोली घेतली. शाळेला गाडीनं ये-जा करीन म्हणाली. जाताना खोक्याला भोकं पाडून सातही पिल्लं घेतली. बाप दारात उभा होता. काहीतरी म्हणायचं म्हणून म्हणाला, "पेटी राहिली तुह्यी."

"राहू द्या. सात बाहेर काढले तिनं, अकरा तुम्ही. दोघंबी राहा एका घरात."

तिनं मला सोडलं याचा राग मला आहेच. तिच्या रागात मीही सापडले. पण तिला परत बोलवावं असं मला वाटलं नाही.

मग मी माळ्यावर गेले, मोडक्या टेबल फॅनच्या शेजारी. उंदरानं माझा एक कोपरा कुरतडला. उन्हाळा गेला, पोळा गेला. खाली एकच माणूस चालायचा, एकच ताट वाजायचं. ताट तो आता स्वतः उचलायचा. उचलू दे. कोणासाठी?

दिवाळीनंतर एक दिवस त्यानं मला खाली काढलं. पुसलं. कुरतडलेला कोपरा टेपनं बुजवला. मग चष्मा लावून माझी जोडणी उघडली, एकेक जोड सोडला, पाहिला. चूक शोधत होता. सापडली नाही. जसा होता तसाच प्रत्येक जोड परत बांधला आणि पक्कड जागेवर ठेवली.

दुसऱ्या दिवशी त्यानं किराणा दुकानातून अंडी आणली. पांढरीशुभ्र, एकसारखी, बारा. पेन्सिलनं फुल्या केल्या, गोल केले. आज एकोणिसावा दिवस आहे. तीनदा फिरवत होता, कालपासून फिरवणं थांबवलं, वाटीत पाणी वाढवलं. कडी लावलेल्या दाराआडून, फटीतून पाहून शिकला असावा. दाणे आणून ठेवलेत. खुराडं धुऊन काढलंय.

त्या अंड्यांत काही नाही. फार्मातल्या कोंबड्या कोंबडा कधी बघतच नाहीत, त्यांची अंडी खायची असतात, त्यातून पिल्लू निघत नाही. हे आमच्या गल्लीतल्या कोणत्याही बाईला माहीत आहे. अलकाबाईला माहीत होतं, प्रज्ञाला माहीत आहे. त्यानं दोघींपैकी एकीलाही कधी काही विचारलं नाही.

मला सांगता येत नाही. येत असतं तरी मी सांगितलं नसतं. मी साडेसदतीसवर आहे, माझं काम चोख चाललंय, आणि परवा तो काचेला कान लावून बसेल तेव्हा त्याला काहीच ऐकू येणार नाही.

तुम्ही या गल्लीतून गेलात तर तो कदाचित तुम्हाला विचारेल, अंडी अजून कशी नाही फुटली म्हणून. हात जोडते, सांगू नका. प्रज्ञाचा नंबर त्याच्याजवळ आहे. एकदा त्याला तिलाच विचारू द्या.