आईच्या बोलण्याची कॅसेट

मित्रांनो, मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे. जाड पुस्तकाएवढा, एका कोपऱ्याला पोचा आलेला. चालू केलं की माझ्यातून बारीक घरघर येते. तिला बिघाड म्हणू नका, तो माझा स्वभाव आहे.

कपडे शिवून घर चालवणाऱ्या एका आईने मला तिच्या लेकीसाठी आणलं. लेक गिटार मांडीवर घेऊन गाणी रचायची आणि सुचलेली चाल चहा होईपर्यंत विसरायची. लाल बटण दाबलं की मी ती टिपून ठेवत असे.

पण नुसतं गाणं माझ्या वाट्याला कधी आलंच नाही. मागे शिवणयंत्र खडखडायचं आणि आई मध्येच बोलायची, "शेवटची ओळ खाली उतरव गं. उगाच किंचाळतेस."

"आई, रेकॉर्डिंग चालू आहे!"

"असू दे की. मी काय चोरून बोलतेय?"

लेक चिडायची, पण ओळ खाली उतरवायची आणि गाणं छान बसायचं.

पुढे तिचे अल्बम निघाले. भिंतीभिंतीवर तिचे फोटो लागले. मुलाखत घेणारे मला हातात घेऊन कौतुक करायचे, तेव्हा मी फुशारून जायचो. घर मात्र लांब राहिलं. आईचा फोन आला की लेक म्हणायची, "नंतर करते गं." तिच्या पिशवीत त्या दिवसांची एकच कॅसेट उरली होती. तिच्यावर 'घर' असं लिहिलेलं होतं.

एका दुपारी कार्यक्रमाला जाताना बसमध्ये तिला चाल सुचली. कोरी कॅसेट नव्हती, म्हणून तिने 'घर' काढली.

"अगं, त्यात तुझी आई बोलते ना?" तिच्यासोबतचा ड्रमवाला म्हणाला.

"आईचं काय, घरी गेले की दिवसभर बोलेल," ती हसून म्हणाली आणि तिने लाल बटण दाबलं.

मित्रांनो, नवा आवाज भरताना जुना पुसणं हे माझंच काम. मी ते चोख केलं. प्रवास संपेपर्यंत दोन्ही बाजू भरल्या. ते गाणं इतकं गाजलं की रस्त्यावरची पोरंही ते गुणगुणायची.

चार महिन्यांनी आई गेली. अचानक, यंत्रावर अर्धा शिवलेला झगा तसाच ठेवून.

आलेगेलेले पांगल्यावर लेक मला घेऊन त्या यंत्रापाशी बसली. दोन्ही बाजू तिने शेवटपर्यंत ऐकल्या. सगळीकडे तिचा स्वतःचाच आवाज होता. "थोडंसं तरी ठेवायचं होतंस रे," ती मला म्हणाली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मग तिने लाल बटण दाबलं आणि स्वतःच म्हणाली, "शेवटची ओळ खाली उतरव गं." कुणाच्याही गळ्याची हुबेहूब नक्कल करणारी ती! दहा वेळा तिने बोलून पाहिलं. त्या नादात गाजलेली चाल पुसली जात होती, पण तिला त्याची पर्वा नव्हती. आई काही तिला जमली नाही.

नंतर लोकांनी कितीही ओरडून मागितलं, तरी ते गाणं तिने गायलं नाही. हळूहळू गाणंच सुटलं. डोक्यात हवा गेली, असं लोक म्हणाले. खरं काय ते मला ठाऊक आहे.

मित्रांनो, तुमच्या फोनमध्ये जागा उरली नाही की तुम्ही पटापट पुसत सुटता. पुसण्याआधी एकदा ऐकत जा. "जेवलास का?" एवढंच कुणी विचारलेलं असेल, तरी ते राहू द्या.

तिने माझे सेल काढून ठेवले आहेत. मला त्याचं वाईट वाटत नाही. माझ्या हातून आता आणखी काही पुसलं जाणार नाही.