कुलूपबंद पदवी

मुलाखतीआधी कंपनीचा अभ्यास कर, असं ताईने बजावलं होतं. कंपनी कुलपं बनवायची. जागा विक्री विभागातली. त्यांच्या वेबसाइटवर सगळे कर्मचारी एकाच लॅपटॉपकडे बघून हसत होते. कुलपात एवढं हसण्यासारखं काय असतं, ते कळावं म्हणून मी एक कुलूप विकत आणलं.

प्रयोगाला बाबांची पत्र्याची पेटी घेतली. कुलूप अडकवलं, दाबलं, खट्‌कन लागलं. अगदी उत्तम. दोन्ही किल्ल्या तेवढ्या आत राहिल्या, माझ्या प्रमाणपत्रांवर, बाबांच्या वाचायच्या चष्म्याशेजारी.

"झाला अभ्यास?" ताईने विचारलं.

"सखोल."

किल्लीवाल्याला बोलावलं. तो बराच वेळ तारा घालून खुडबुडला, घामाघूम झाला आणि जाताना म्हणाला, "कुठून आणलंत हो? माझ्या दुकानाला लावीन म्हणतो."

मी हातोडी उचलली.

"पेटीला पोचा आला," बाबा शांतपणे म्हणाले, "तर तुझ्या टाळक्यालाही येईल."

"मग उद्या तिथे काय दाखवणार आहेस, कपाळ?" आईने विचारलं.

"पेटी," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी ती मी मोठ्या साहेबांच्या टेबलावर ठेवली.

"हे काय?"

"प्रमाणपत्रं, सर. आत आहेत."

"मग काढा की बाहेर."

"कुलूप तुमच्याकडचं आहे, सर."

साहेबांनी कुलूप उलटंपालटं करून पाहिलं आणि कारखान्यातल्या मिस्तरींना बोलावलं. मिस्तरी हत्यारांची पिशवी घेऊन आले, बाह्या सरसावल्या. "चुटकीसरशी उघडतो."

"उघडा ना," मी म्हणालो. "फक्त चुटकीसरशी उघडलं, तर उद्यापासून गिऱ्हाइकाला काय सांगायचं, तेवढं आधी ठरवून घेऊ."

मिस्तरींचा हात हवेतच राहिला.

"आणि नाही उघडलं तर?" साहेबांनी विचारलं.

"तर माल अस्सल. मग मी पदवीधर आहे, हे तुम्ही माझ्या तोंडाकडे बघून मानायचं."

साहेबांनी नीट बघितलं. "तोंडावरून तसं वाटत नाही."

"म्हणून तर पदवी घेतली, सर."

"साहेब, उघडू की नको?" मिस्तरी ताटकळले होते.

"खबरदार हात लावाल तर!" साहेब ओरडले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "सोमवारपासून या. कॉलेजातून प्रमाणपत्रांच्या नकला काढा. पेटी इथेच राहील."

पेटी आता शोरूममध्ये काचेच्या कपाटात आहे. पहिल्या पगारात मी बाबांना नवा चष्मा घेतला. तो लावून ते रोज येतात, कपाटासमोर उभे राहतात आणि येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला दुःखाने सांगतात, "आत माझा चष्मा आहे हो."

विक्री वाढली आहे.